आजोबांची पद्मिनी ठेवायची की विकायची? कॉलेजात शिकणाऱ्यासाठी हिशेब

सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्याच्या पेठांत काय, जुन्या घराच्या आडोशाला एखादी प्रीमियर पद्मिनी मोटार अजून उभी दिसते. नातवाकडे ती येते तेव्हा तो शिकत असतो, हातात कमाई नसते आणि घरात दोन मतं असतात. 'इंजिन बंद आहे, विकून टाका' हे त्यातलं सर्वांत कच्चं कारण. १,०८९ सीसीचं ते इंजिन साधं आहे. बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सीटची कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतात. ठरवायचं ते पत्रा आणि कागद पाहून.

आधी पत्रा, कारण पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक दरवाजांखालच्या पट्ट्यांवरून फिरवा. तो धरत नसेल तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पायाखालचं मॅटिंग उचला, जॅक लावायची जागा आणि डिक्कीचा तळ पेचकसाने टोचून बघा. वरचा गंज डेंटर काढून देतो. पण पट्ट्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका सडल्या असतील तर गाडीचा कणाच गेला, आणि हे काम विद्यार्थ्याच्या खिशात बसत नाही. सांगलीत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती का, हे घरच्यांना स्पष्ट विचारा. पट्ट्यांच्या आत गाळ राहिला असेल तर रंग कितीही चकचकीत असो, गंज आतून चालूच असतो.

कागदात पहिला प्रश्न, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) कोणाच्या नावावर? आजोबा गेले असतील तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. हे झाल्याशिवाय ठेवताही येत नाही आणि विकताही. नोंदणी संपली असेल तर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने ३,४१६ आणि एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबरप्लेट ७४५. म्हणजे गाडी जागची न हलता चौदा हजारांवर गेले. जीएसटी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा.

गाडी पन्नास वर्षांची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा मार्ग आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कॉलेजला न्यायची असेल तर हा मार्ग आपला नव्हे.

तसंही रोज नेणं परवडत नाही. शहरात लिटरला दहा-अकरा किलोमीटर धरले तर महिन्याला चारशे किलोमीटरचं पेट्रोलच चार हजारांच्या घरात जातं. शिवाय आता पंपावर इ२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (पडदा) खातं, हवेतलं पाणी ओढतं. उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचून कार्ब्युरेटर खराब होतो. ठेवणार असाल तर पाइप आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घाला.

ठेवणाऱ्याकडे पैशाआधी कोरडी शेड हवी. भाड्याच्या खोलीसमोर रस्त्यावर गाडी लावावी लागत असेल, तर साताऱ्याच्या पावसात दोन वर्षांत पत्रा हातचा जाईल. तिथे विकणंच बरं. शेड असेल तर चाकं स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लास्टिकऐवजी सुती कापड घाला. पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापवा. पाच मिनिटं नुसतं सुरू ठेवलं तर पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं.

विकायचं ठरलं तरी बंद गाडी विकू नका. बंद म्हटली की गिऱ्हाईक भंगाराच्या भावापासूनच बोलायला लागतं. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दहा मिली ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग इंजिन हाताने फिरवा. फिरलं की टाकी रिकामी करून नवं पेट्रोल, नवं ऑइल घाला. चारही चाकांचे ब्रेकचे व्हील सिलेंडर उघडून बघा. ड्रम ब्रेकची गाडी उभी राहिली की तेच आधी जाम होतात. मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजा. एखादा सिलेंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. गिऱ्हाइकाला हे आकडे लिहून दाखवता आले की भाव पडत नाही. ठेवणाऱ्यालाही हेच काम करायचं आहे, त्यामुळे निर्णय झाला नसला तरी सुरुवात इथूनच करा.

सौदा झाला की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सह्या करा, कोऱ्या फॉर्मवर कधीच नाही. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याकडेच मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. चावी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून खरेदीदाराची सही घ्या, आणि नाव बदललेलं दिसेपर्यंत ती पावती जपून ठेवा.