आठ महिने व्हीपीएन वापरलं: क्रिप्टोवाल्यांना ते कुठं कामी येतं आणि कुठं नाही

नऱ्ह्यात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो. वायफाय घरमालकांचं, राऊटर त्यांच्या हॉलमध्ये, आणि त्याचं सगळं त्यांचा मुलगा बघतो. गेल्या गणपतीत तो जिन्यात भेटला आणि सहज बोलून गेला, "काय रे, बिटकॉइन करतोस होय?" मी फ्लॅटमेटना पण कधी सांगितलेलं नव्हतं. मुलगा चांगला आहे, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, राऊटरच्या पॅनलवर कुठल्या मोबाईलवरून कुठल्या साइट उघडल्या त्याची यादी दिसते, त्यात त्याला एक्सचेंजचं (जिथं क्रिप्टो घेतात-विकतात) आणि वॉलेटचं (ज्यात ते स्वतःकडं ठेवतात) नाव दिसलं, एवढंच. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण क्रिप्टो चोरीला गेलं तर बँकेसारखं फोन करून थांबवता येत नाही, आणि तुमच्याकडं आहे हे चार लोकांना कळणं हाच पहिला धोका असतो. किती आहे ते त्यांना माहीत नसतं, ते मनानं मोठा आकडा धरतात.

माझं काही मोठं नाही, महिन्याला दोन-तीन हजारांचं बिटकॉइन, तीन वर्षं झाली. पण ते माझं आहे आणि ते माझ्यापुरतं राहावं एवढंच मला पाहिजे होतं.

व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं नेट आधी एका दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून बंद पाकिटासारखं नेणारी सेवा, त्यामुळं मधल्या राऊटरला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसत नाही. पहिलं घाईत घेतलं. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात आली, दोन वर्षांचा प्लॅन एकदम स्वस्त, भरले पैसे. नाव घेत नाही. दीड महिना सगळं ठीक वाटलं, मग एकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून लीक टेस्टची साइट (तुमचा खरा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बाहेर दिसतो का ते सांगणारी) उघडली तर आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता परदेशातला आणि खाली आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता माझा खराखुरा, जसाच्या तसा! म्हणजे ज्या साइट आयपीव्ही६ वर चालतात त्यांना मी दीड महिना उघडाच दिसत होतो. आपल्याकडं मोबाईल नेटवर आयपीव्ही६ भरपूर चालतं त्यामुळं ही टेस्ट घरच्या वायफायवर एकदा आणि मोबाईल डेटावर एकदा, अशी दोन्हीकडं करा, एकाच ठिकाणी बघून समाधान मानू नका. किल स्विचचं (व्हीपीएन तुटलं की नेट बंद करणारी सोय) तसंच, लॅपटॉप झोपेतून उठला की कनेक्शन जोडलं जाईपर्यंत पाच-सात सेकंद सगळं थेट जात होतं आणि नेमकं तेवढ्यात वॉलेट आपोआप सिंक व्हायचं. रिफंड मागितला तर तीस दिवस उलटून गेले म्हणाले. वर ऑटो रिन्यूअल चालू होतं, ते पण पहिल्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट दरानं, ते शोधून बंद करायला एक संध्याकाळ गेली.

मग मात्र शांत बसून वाचलं. महिनाभर रोज रात्री. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की व्हीपीएननं तुमची माहिती कुठं गायब होत नाही, आधी ती इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसायची ती आता व्हीपीएन कंपनीला दिसते. त्यामुळं सर्व्हर किती देशांत आहेत आणि स्पीड किती हे नंतर बघायचं. आधी बघायचं की उद्या पोलीस किंवा चोर त्या कंपनीच्या दारात आले तर त्यांच्या हाती माझं काय लागेल. "आम्ही लॉग ठेवत नाही", म्हणजे ग्राहक काय करतो त्याच्या नोंदी ठेवत नाही, असं सगळेच लिहितात. प्युअरव्हीपीएन पण तसंच म्हणायची, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत एका माणसानं एका बाईला ऑनलाइन छळल्याच्या केसमध्ये एफबीआयला प्युअरव्हीपीएनच्याच नोंदींमधून धागा मिळाला. तो माणूस पकडला गेला ते योग्यच झालं, माझं म्हणणं फक्त दाव्याबद्दल आहे. उलट बाजूला प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस, तिचं प्रकरण कोर्टात दोनदा आलं, २०१६ आणि २०१८, दोन्ही वेळा द्यायला काही निघालं नाही. आणि मुलवाड, स्वीडनची. १८ एप्रिल २०२३ ला त्यांच्या गोटेनबर्गच्या ऑफिसमध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले होते, कंपनीनं दाखवून दिलं की तुम्ही शोधताय ती माहिती आमच्याकडं साठवलीच जात नाही, आणि पोलीस काही न घेता परत गेले. माझ्या दृष्टीनं शंभर जाहिरातींपेक्षा हा एक प्रसंग जड.

भारतातली गोष्ट पण इथंच सांगतो कारण बऱ्याच जणांना ती अर्धवट माहीत असते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं (सायबर सुरक्षेचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) नियम काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, ईमेल, दिलेला आयपी हे सगळं पाच वर्षं ठेवायचं. तेव्हा एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढून टाकले. म्हणून आता अ‍ॅपमध्ये "इंडिया" दिसतं ते बऱ्याचदा सिंगापूर किंवा दुसरीकडच्या मशीनवर असतं, फक्त आयपी भारताचा. व्हीपीएन वापरणं म्हणून काही गुन्हा नाही, ते मी आधी नीट बघून घेतलं.

शेवटी मुलवाड घेतलं आणि आज आठ महिने तेच चालू आहे. घेण्याची पद्धतच मला फार आवडली, ईमेल नाही, नाव नाही, सोळा आकडी नंबर मिळतो, तोच अकाउंट. महिन्याला ५ युरो, एक महिना घ्या नाहीतर वर्षाचं घ्या, दर तोच, त्यामुळं सेलच्या नादात दोन वर्षांचं गळ्यात पडत नाही. आपोआप पैसे कापणं त्यांनी २०२२ मध्येच बंद केलं कारण त्यासाठी ग्राहकाची माहिती साठवावी लागायची. कार्डाचा परदेशी व्यवहाराचा चार्ज धरून मला पाचशेच्या आसपास पडतं. क्रिप्टोनं भरलं तर १० टक्के सूट असते, पण इथं एक मेख आहे. आपल्याकडं क्रिप्टो खर्च करणं म्हणजे विकल्यासारखंच धरतात, त्यावरच्या नफ्यावर टॅक्स लागतो आणि हिशोब ठेवावा लागतो, आणि केवायसी केलेल्या एक्सचेंजवरून थेट पाठवलं तर नाव लपलं असंही होत नाही. मी कार्डानंच भरतो. बँकेला कळतं मी व्हीपीएन घेतलंय, कळू दे.

ज्यांना पाचशे जास्त वाटतात त्यांनी प्रोटॉनचं फ्री घ्या, स्विस कंपनी, डेटाची मर्यादा नाही, फक्त देश आपल्याला निवडता येत नाही. बाकी प्ले स्टोअरवरच्या अनोळखी फुकट व्हीपीएनच्या वाटेला अजिबात जाऊ नका, सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंच असतं, आणि ते तुमच्या माहितीतून भरलं जात असेल तर तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता मुख्य विषय. एक्सचेंजसाठी व्हीपीएन वापरू नका. हे मी अनुभवानं सांगतोय. डिसेंबरमध्ये सगळं व्हीपीएनमधूनच करायचं ठरवलं आणि सकाळी नऱ्ह्यातून, दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या आयपीवरून लॉगिन झालं, लगेच पैसे काढणं अडवलं, परत सेल्फी, परत पॅन, दोन दिवस काही हलवता येईना. त्यांची चूक पण म्हणता येत नाही, चोर पण असाच दिसतो. आणि लपवायचं तरी काय? त्यांच्याकडं तुमचं पॅन आहे, बँक खातं आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापून तो आयकर खात्याला कळवलेला असतो. नफ्यावर सरसकट ३० टक्के, तोटा वळता करायला मिळत नाही, हा नियम जाचक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण व्हीपीएननं त्यातलं काहीच बदलत नाही. परदेशी एक्सचेंजचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूनं (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा काढल्या, पुढच्या महिन्यात त्यांची अ‍ॅप्स स्टोअरमधून गेली, तेव्हा कितीतरी पोरं व्हीपीएन लावून तिथंच ट्रेड करत राहिली. पैसे आत असताना केवायसी मागितली की तुम्ही अडकलात, आणि नियम मोडून गेलेला माणूस तक्रार कुठं करणार? माझी हात जोडून विनंती आहे, त्यात पडू नका.

व्हीपीएनचा खरा उपयोग स्वतःच्या वॉलेटला होतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. वॉलेट उघडलं की ते कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं, या या पत्त्यांवर किती शिल्लक आहे? म्हणजे त्या सर्व्हरला तुमचे सगळे पत्ते एकदम दिसतात आणि सोबत तुमचा आयपी. ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही, उघडीच असते, तिथं फक्त नाव नसतं, आणि आयपीमुळं त्या पत्त्यांना घर मिळतं. मेटामास्क (इथेरियमचं वॉलेट) आपोआप इन्फ्युरामधून (त्याच कंपनीचे सर्व्हर) जातं आणि त्यात आयपी व वॉलेटचा पत्ता दोन्ही गोळा होतात हे त्यांच्या कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये धोरणात लिहिलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणारी साइट) आपलाच पत्ता टाकून शिल्लक बघणं पण तसंच, रोज एकाच घरून एकच पत्ता कोण बघतं याचा अंदाज कुणीही बांधेल. सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःचा नोड चालवणं, म्हणजे सगळ्या ब्लॉकचेनची प्रत आपल्याच मशीनवर ठेवणं, ते माझं अजून जमलेलं नाही, जुना लॅपटॉप आहे पण डिस्क पुरत नाही. तोपर्यंत बिटकॉइनसाठी स्पॅरो हे वॉलेट वापरतो आणि व्हीपीएन जोडल्याशिवाय ते उघडतच नाही.

रोजच्या वापराचं थोडक्यात. वायरगार्डवर (व्हीपीएन जोडण्याची एक पद्धत) सिंगापूर सर्व्हर, १०० एमबीपीएसच्या लाइनवर मला साठ-सत्तर मिळतात, मीटिंग नीट होतात, पोरं गेम खेळतात त्यांना मात्र पिंग जाणवेल. बॅटरीत फारसा फरक नाही. कॅप्चा वाढतात, वैताग येतो. बँकेचं अ‍ॅप आणि काही सरकारी पोर्टल परदेशी आयपीवर उघडत नाहीत, म्हणून बँक, यूपीआय आणि एक्सचेंज ही तीन स्प्लिट टनेलिंगनं (ठराविक अ‍ॅप वगळण्याची सोय) व्हीपीएनच्या बाहेर ठेवलीत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा" असं बटण असतं, ते चालू केलं की बाहेर ठेवलेल्या अ‍ॅपचं नेट पण बंद पडतं. किराणा दुकानात पेमेंट जाईना, मागं रांग, तेव्हा हे कळलं. दोन्ही एकत्र चालत नाहीत, त्यामुळं फोनवर मी ते बटण बंद ठेवतो आणि वॉलेट फक्त लॅपटॉपवर, जिथं किल स्विच कायम चालू असतो.

कॅफेच्या वायफायवर पासवर्ड चोरीला जातात ही जाहिरातीतली भीती मात्र फुगवलेली आहे, साइट एचटीटीपीएसवर असेल, म्हणजे मधली माहिती कुलूपबंद जात असेल, तर पासवर्ड असा वाचता येत नाही. पैसे जातात ते खोट्या साइटवर सीड फ्रेझ, म्हणजे वॉलेट उघडणारे बारा शब्द, टाकल्यामुळं, नाहीतर हिस्ट्रीतून चुकीचा पत्ता कॉपी केल्यामुळं. माझ्या मित्राचे असेच गेले, व्हीपीएन चालू असताना. सीड फ्रेझ कागदावर लिहून सांगलीला आईच्या कपाटात ठेवलाय, त्याचा फोटो कुठंच नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी टेस्ट करतो. व्हीपीएन जोडायचं, मोठी फाइल डाउनलोडला लावायची, मग वायफाय बंद करून परत चालू करायचं आणि लीक टेस्टची साइट सारखी रिफ्रेश करत राहायची. आठ महिन्यांत एकदाही खरा आयपी दिसला नाही. घरमालकांच्या मुलाला मी स्वतःहून सांगितलं की आता व्हीपीएन वापरतो, तो म्हणाला हो, तुझ्या लॅपटॉपसमोर आता एकच पत्ता दिसतो, आणि मग त्यानंच विचारलं कुठलं घेऊ.