पाचच टक्के भरा

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटबाहेर छत्री लावून बसलेल्या पोराने मला क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. "सर, आयुष्यभर फ्री. अडचण आली तर पाचच टक्के भरायचे, बाकी निवांत." व्याज किती, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बहिणीच्या लग्नात फ्रिज आणि वॉशिंग मशीन कार्डावर घेतलं, 40,000 रुपये. बिलावर ठळक अक्षरात आलं : किमान देय रक्कम 2,000. भरले. "पैसे मिळाले, धन्यवाद" असा मेसेज. दंड नाही, वसुलीचा फोन नाही. मी समजलो, हप्ता चालू आहे.

चौदाव्या महिन्यात बायकोने वही पुढ्यात टाकली. "अहो, 26,000च्या वर भरलेत. मग बाकी 38,000 कशी?"

रविवारी दोघं बिलं घेऊन बसलो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42! 40,000वर 1,400. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 252. माझ्या 2,000तले 1,652 तिथेच गिळले गेले, मुद्दलात गेले फक्त 348. त्यात मधे दोन-तीनदा पेट्रोल टाकलेलं. जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर पडतो. हे तर माझ्या गावीही नव्हतं.

बँकेत फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, बिलावर सूचना आहे." होती खरी. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी. तिसऱ्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. वर त्यांनी बाकीचे हप्ते पाडून द्यायची तयारी दाखवली, प्रोसेसिंग फी वेगळी. म्हटलं, हात जोडतो.

कंपनीच्या पतसंस्थेतून 12 टक्क्यांनी कर्ज काढलं, कार्डाची पै न् पै चुकवली आणि ते बंद करायचा लेखी अर्ज दिला. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने ग्राहकाला 500 रुपये द्यायचे. रिझर्व्ह बँकेचा 2022चा नियम आहे. अर्जात तो मुद्दाम लिहिला. सहाव्या दिवशी बंद झालं.

छत्री अजून तिथेच आहे. परवा आमचा नवा हेल्पर तिथून फॉर्मवर सही करून आला. विचारलं, "व्याज किती सांगितलं रे?"

"पाचच टक्के, दादा."