लग्नाचे फोटो आणि आईचे पोर्ट्रेट: कोल्हापुरातील एका स्टुडिओचा अनुभव

पुतणीच्या लग्नाचे फोटो कोणाकडे द्यावेत, याची आमच्या घरात फारशी चर्चा झाली नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा भावाच्या लग्नाचा जुना अल्बम चार दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर आम्ही तो गच्चीवर उन्हात पसरत असतानाच गल्लीतले हे स्टुडिओवाले आले आणि त्यांनी आम्हाला थांबवले. एकमेकांना चिकटलेले फोटो वाळू द्यायचे नाहीत, ओढून सोडवायचे तर मुळीच नाहीत. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत सोडले की ते आपोआप सुटे होतात, मग चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे, असे त्यांनी समजावले. नव्वदांपैकी साठ-पासष्ट फोटो त्यामुळे वाचले. नंतर त्यांच्या प्रती काढून देताना त्यांनी फक्त छपाईचा खर्च घेतला. स्वतःच्या दुकानात गुडघाभर चिखल असताना महाद्वार रोडवरच्या एका फ्रेमवाल्याच्या माळ्यावर टेबल मांडून ते हे काम करत होते. या लेखात काही तक्रारीही आहेत, म्हणून स्टुडिओचे नाव देत नाही.

दोन दिवसांच्या कामासाठी दोन फोटोग्राफर, एक कॅन्डिडवाला (नकळत सहज क्षण टिपणारा), एक व्हिडिओवाला आणि 12 बाय 36 इंच आकाराचा एक करिझ्मा अल्बम (जाड पानांवर थेट फोटो छापलेला), असे सव्वा लाखात ठरले. 18 टक्के जीएसटी वेगळा. हा कर बोलणीच्या पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला, ही गोष्ट मला आवडली; कारण इतरत्र तो शेवटच्या बिलात अचानक उगवतो.

मुख्य कामाविषयी सांगायचे तर, या स्टुडिओवाल्याला लग्नाचा क्रम पाठ आहे. मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे सुरू झाले की तो हालचाल थांबवून एका जागी उभा राहतो, कारण अंतरपाट दूर होतो त्या क्षणी अक्षतांचा मारा सुरू होऊन समोर हातांचे जंगल उभे राहते, हे त्याला माहीत असते. आमच्या पुतणीचा अंतरपाट सरतानाचा जो फोटो आला आहे, त्यात तिची नजर अजून खालीच आहे, हातातला हार किंचित कलला आहे आणि अक्षतांचे दोन दाणे तिच्या मुंडावळ्यांपाशी हवेत थांबले आहेत. हा क्षण पुन्हा करून दाखवा असे त्याने कोणालाही सांगितले नाही. गुरुजींना थांबवून कॅमेऱ्याकडे पाहायला लावणारे फोटोग्राफर मी इतके पाहिले आहेत की एवढ्या एका संयमासाठीही मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

दुसरा उल्लेख साजाचा केला पाहिजे. आमच्याकडचा कोल्हापुरी साज पणजीपासूनचा आहे. सोन्याच्या दागिन्यावर समोरून फ्लॅश मारला की त्याचा एक पिवळा गोळा होतो आणि मासा, कासव ही पाने ओळखू येत नाहीत. याने पुतणीला खिडकीशी बसवले, फ्लॅश बंद ठेवला आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा एक साधा पांढरा पत्रा धरायला लावला. फोटोत साजाचे प्रत्येक पान मोजता येते.

कार्यालयातील प्रकाशाचे श्रेय मात्र त्याच्या एकट्याचे नाही. हल्ली मंचावर जांभळे-निळे एलईडी पार लाइट लावतात आणि त्यात हळदीने माखलेला चेहराही जांभळा दिसतो. आदल्या संध्याकाळी तो मंडपवाल्याबरोबर कार्यालयात जाऊन आला आणि अक्षतांच्या वेळी रंगीत दिवे बंद करून साधे पांढरे लावायचे, असे इलेक्ट्रिशियनशी ठरवून आला. मंडपवाला, वाजंत्री, मेकअप करणाऱ्या ताई, फ्रेमवाला ही सगळी मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतात. दलाली घेता का, असे मी सरळ विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "पैसे न्हाई घेत काका, पण त्यांनी माझं नाव काढलं तर माझं काम चालतं." ही सोय ग्राहकाच्या पथ्यावर पडते, पण तिला एक तोटाही आहे. त्याने सुचवलेला फुलवाला अगदीच सुमार निघाला, स्वागतसमारंभापर्यंत हारांच्या पाकळ्या गळू लागल्या, आणि त्याबद्दल बोलल्यावर त्याने आपल्या माणसाचीच बाजू घेतली.

आता उरलेल्या तक्रारी. अल्बम 45 दिवसांत देण्याचे ठरले होते, तो मिळाला तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस. पहिल्या मांडणीत नवरा-नवरीच्या मागे धबधबा आणि पानभर बदामाचा आकार होता. दोन्ही काढायला लावले. चेहऱ्यांचा रंग दोन छटा उजळ केला होता, तोही मूळ करून घेतला. पुतणी सावळी आहे आणि तिला त्याचे काहीच वाटत नाही. संगणकावर बसणाऱ्या मुलाला वाटले असावे. ड्रोनने केलेल्या चित्रणात कार्यालयाच्या पत्र्याचे छप्पर मात्र फार स्पष्ट दिसते.

करारात फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी वापरण्याचे कलम होते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे असतो. म्हणून असे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. आम्ही ते खोडायला सांगितले आणि त्याने तक्रार न करता खोडले.

लग्नाच्या गडबडीतच माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईचे पोर्ट्रेट काढून घेतले. ज्या गावात आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांनी माणसांचे चेहरे रंगवले आणि ज्या गावाने खरी कॉर्नर या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, तेथे पोर्ट्रेट म्हणजे नुसता पासपोर्टचा मोठा फोटो नव्हे, हे या माणसाला कळते. आईने बसताच विचारले, "हार घालायचा फोटो हाय न्हवं? मग चष्मा काढू का?" त्यावर तो म्हणाला, "राहू द्या आजी, नातवंडांनी वळखायला नको का?" आई हसली आणि पदर सावरू लागली, तेवढ्यात त्याने फोटो काढला. तो सागवानी फ्रेममध्ये बसवून आणल्यावर आईने दोन दिवस तो स्वतःच्या खाटेसमोर ठेवला होता.

पुतण्याचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. विसार त्याच्याकडेच दिला आहे. या वेळी ड्रोन नको, असे पावतीवर लिहून घेतले आहे आणि फुलवाला आम्ही पाहणार आहोत.