मणी-दोरीचा संच: आकृतिबंध शिकवायला कितपत पुरतो?

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर खेळण्यांच्या दुकानांत लाकडी मण्यांचा एक संच मिळतो. साठ मणी, चार दोऱ्या आणि वीस चित्रकार्डं. किंमत पाचशेच्या आतबाहेर, घासाघीस केली तर थोडी कमी. ज्युनिअर आणि सिनिअर केजीच्या बाई आकृतिबंधासाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा क्रम (पॅटर्न) शिकवण्यासाठी, हाच संच घेतात, म्हणून त्याच्याबद्दल नीट लिहायला हवं. थोडक्यात मत असं: मणी उत्तम, मण्यांची वाटणी चुकलेली, आणि कार्डं अर्ध्यावर थांबलेली.

आधी उत्तम काय ते. मणी साधारण अडीच सेंटिमीटरचा आहे आणि दोरीचं कडक टोक चार सेंटिमीटरचं. म्हणजे टोक मण्यातून दीड सेंटिमीटर बाहेर येतं आणि चार वर्षांच्या मुलाला ते दुसऱ्या हाताने धरून ओढता येतं. स्वस्त संचांत हे टोक जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं. ते मण्याच्या आतच राहतं, मूल भोकाशी झटापट करत बसतं आणि पुढचा मणी कोणता हे तोवर विसरून जातं. मुलाला क्रम कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण खरी अडचण टोकाची असते. मात्र एवढा मणी अगदी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हा संच देऊ नये. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे ना ते पाहून घ्या; १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. रंग पक्का आहे का, हे ओलं पांढरं फडकं मण्यावर घासलं की लगेच कळतं.

आता वाटणी. साठ मण्यांत तीन आकार (गोल, ठोकळा, नळी) आणि पाच रंग, म्हणजे प्रत्येक प्रकारचे फक्त चार मणी. लाल-पिवळा असा एकाआड एक क्रम चार वेळा होतो, तिथवर ठीक. पण लाल-पिवळा-पिवळा हा क्रम तीन वेळा करायचा तर पिवळे सहा लागतात. गोल पिवळे संपले की मूल पिवळा ठोकळा उचलतं. आता रंगही बदलतोय आणि आकारही, मग क्रम नेमका कशाचा धरायचा? नव्याने शिकणाऱ्या मुलाला एका वेळी एकच गुण बदलता हवा. म्हणून एका टेबलावर चार मुलं असतील तर दोन संच एकत्र करावेत, प्रत्येक प्रकारचे आठ मणी होतात. दुसऱ्या संचाचे पैसे वाचवायचे असतील, तर दादरला शिवणसाहित्याच्या दुकानांतली मोठी बटणं, दोन वेगवेगळ्या रंगांची, टेबलावर नुसती ओळीने मांडायलाही चालतात. लाल आणि नारिंगी ही जोडी मात्र टाळा, ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. लाल-हिरव्यात सतत गोंधळणाऱ्या मुलाला निळा-पिवळा द्या. त्याला ते रंग वेगळे दिसतच नसतील, अशी शक्यता असते.

सगळ्यात जास्त तक्रार कार्डांबद्दल. पहिल्या दहा कार्डांवर पूर्ण माळ खऱ्या मापात छापली आहे. मूल चित्रावर मणी ठेवत जातं आणि काम संपतं. ही झाली जुळवाजुळव. त्यासाठी क्रम कळायची गरजच पडत नाही. पुढच्या कार्डांवर ‘लाल, पिवळा, पिवळा, लाल, ?’ असं आहे. इथे गट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा (लाल-पिवळा-पिवळा), एकदाच पूर्ण दिसतो. पुढे कोणी पुन्हा लाल म्हणालं तर ते चूक कसं ठरवणार? गट निदान दोनदा, शक्यतो तीनदा पूर्ण दिसलाच पाहिजे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आकृतिबंध ओळखणं आणि पुढे नेणं अपेक्षित आहे, नुसती नक्कल नाही.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या कार्डांवर दोन-तीन गट उघडे ठेवून उरलेला भाग कागदाच्या पट्टीने झाका आणि माळ पुढे न्यायला सांगा. मग माळ म्हणजे आगगाडी आणि एक गट म्हणजे तिचा एक डबा असं सांगून विचारा, ‘गाडीचा एक डबा कुठे संपतो?’ आणि तिथे मुलाला आईस्क्रीमची काडी ठेवू द्या. माळ बरोबर ओवूनही डबा दाखवता न येणारी मुलं बरीच असतात. ती रंगांची नावं तालात म्हणत असतात, एवढंच. मुद्दाम अर्ध्या डब्यावर तुटलेली माळही द्या: लाल-पिवळा-पिवळा, लाल-पिवळा-पिवळा, लाल-पिवळा. बरीच मुलं इथून पुन्हा लालपासून सुरुवात करतात, राहिलेला पिवळा घेत नाहीत. डब्याची काडी इथे खरी उपयोगी पडते.

एकाआड एक या क्रमावर आठवडेच्या आठवडे काढू नका. त्याची सवय जडली की मूल लाल-पिवळा-पिवळा पाहूनही लाल-पिवळा-लाल असंच ओवतं. माळेचा तोच क्रम आधी टाळी-चुटकी-चुटकी, मग भेंडी आणि बटाट्याच्या ठशांतून करून घ्या आणि ‘हे कोणत्या माळेसारखं?’ असं विचारा. संचात या कामासाठी एकही कार्ड नाही, ही मोठी उणीव आहे.

माहितीपत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट. दोरीची गाठ मुलाच्या डाव्या हाताला हवी, म्हणजे पहिला मणी डावीकडे जाऊन बसतो आणि माळ कार्डासारखीच वाचता येते. डावखुरी मुलं सहसा गाठ उजवीकडे ठेवतात. मग बरोबर ओवलेली माळ समोरून पिवळा-पिवळा-लाल दिसते. चूक म्हणण्याआधी गाठ कुठे आहे ते बघा.

पावसाळ्यात सुती दोऱ्या दमट होऊन वास मारतात. बंद डब्याऐवजी जाळीच्या पिशवीत ठेवा. टोक उसवलं तर नवी दोरी नको, सेलोटेप तिरका आणि घट्ट गुंडाळला की काम होतं.