खोटं रोलेक्स आणि गप्प बसलेली लग्नघरं

भाचीच्या साखरपुड्यात जावयाला घालायला दाजींनी रोलेक्स घड्याळ घेतलं. सेकंड हँड, साडेतीन लाखांना. ते खोटं निघालं आणि विकणारा गायब आहे. सोलापुरात लग्नसराईत तो आणखी घरं गाठणार, म्हणून दाजींना विचारूनच हे लिहितोय.

नवी पेठेत बस्ता बांधताना कुणाकडून तरी त्याचा नंबर मिळाला. जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या फ्लॅटवर त्याने बोलावलं. काचेच्या कपाटात घड्याळं, दोन-तीन परदेशी पर्सा. पण बराच वेळ त्याने घड्याळाचा विषयच काढला नाही. कार्यालय कुठलं ठरलं, पाहुणे कुठले, मुलगा काय करतो, थोरल्या जावयाला काय घातलं होतं, हेच विचारत राहिला. पाहुणे पुण्याचे, मुलगा आयटीत, हे कळल्यावर म्हणाला, "काका, पुण्याची माणसं बोलून दाखवत नाहीत, पण मनगट बघतात." दाजी गप्प झाले. सौदा तिथेच पक्का झाला होता, किंमत नंतर ठरली.

दाजींना घड्याळाचा शौक नाही. उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली, वेळ मोबाईलवर बघतात. पोरगी ज्या घरात दिली तिथे तिचा बाप उणा दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. महागड्या वस्तू घेणाऱ्याला सरसकट दिखाऊ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कुणी हौसेने घेतं, कुणी कष्टाचं चीज झालं म्हणून, आणि आपल्याकडे पुष्कळ जण घेतात ते चारचौघांत मान राहावा म्हणून. त्या माणसाला हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तो आधी घराची चौकशी करायचा.

त्याचं बोलणं निम्मं खरं होतं. रोलेक्सचं नवं घड्याळ फक्त अधिकृत विक्रेत्याकडे मिळतं आणि मागणी असलेल्या मॉडेलसाठी थांबावं लागतं, हे खरंच आहे. त्यामुळे "वापरलेलं, पण लगेच मिळेल" हे पटतं. त्याच्या जोडीला खोटं चालून जातं. हिरवं वॉरंटी कार्ड होतं, खोका होता, डायलच्या कडेच्या आतल्या रिंगवरचा नंबर कार्डाशी जुळत होता. जुळणारच, सगळं एकाच ठिकाणी बनलेलं. सेकंद काटा टकटक न करता सरकतो की नाही तेही आम्ही पाहिलं. तो सरकत होता. पण कुठल्याही स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळाचा काटा तसाच सरकतो. या परीक्षेवर कुणी विसंबू नका.

बिल मागितलं तर म्हणाला, टॅक्स लागेल, रोख द्या, दोन दिवसांत दोन भागांत, म्हणजे दोन लाखांच्या आत बसेल. हे नीट लक्षात घ्या. 2017 पासून एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, मग हप्ते कितीही पाडा. दंड रोख रक्कम घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होतो. बिल नसण्यात फायदा त्याचाच होता.

जावयाने पट्ट्याच्या कड्या कमी करायला ते पुण्यात अधिकृत दुकानात नेलं. त्यांनी पाहिलं आणि हात लावायला नकार दिला. पोरगा इतका भला की त्याने घरी कुणाला सांगितलंच नाही. भाचीला कळलं तेव्हा ती रडत फोनवर म्हणाली, "मामा, पप्पांना सांगू नका." दाजींना सांगावं लागलंच. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

यापुढचं मला जास्त लागलं. शोध घेतला तर त्याच माणसाकडून घड्याळ घेतलेली आणखी दोन घरं सापडली. एकाने तोंडावर सांगितलं, तक्रार केली तर घातलेलं घड्याळ खोटं होतं हे व्याह्यांना कळेल. मान विकत घेतला होता, तो तक्रार केल्याने जाणार. याच भीतीवर या लोकांचा धंदा चालतो. खोट्या सोन्यात असं होत नाही, कारण सोनं आपण तपासून घेतो. हॉलमार्क बघतो, दागिन्यावरचा एचयूआयडी नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकतो. पानिपतची चादर सोलापुरी म्हणून विकली तर आपलं शहर पेटून उठतं. मग मनगटावरच्या नकलेबद्दल गप्प का बसायचं?

घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला सोबत घेऊन अधिकृत सेवा केंद्रात चला म्हणावं. खरा असेल तर येईल. 2022 च्या अखेरीपासून कंपनी स्वतः तपासलेली जुनी घड्याळंही काही अधिकृत विक्रेत्यांमार्फत दोन वर्षांच्या हमीसह देते. पैसे बँकेतूनच द्या, बिलावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे, फसवणुकीचा गुन्हा वेगळा. पण एका तक्रारीवर तो "मलाही कुणीतरी फसवलं" म्हणून सुटू पाहील. तीन-चार घरांनी सांगितलं तर तसं म्हणता येणार नाही. जुळे सोलापुरातल्या अशा फ्लॅटवरून कुणी घड्याळ किंवा पर्स घेतली असेल, तर कार्ड आणि खोका फेकू नका, त्याचे मेसेज पुसू नका. पोलिसांत जाताना सोबत कुणी हवं असेल तर मी येतो. व्याह्यांना काय सांगायचं ही काळजी असेल, तर आमच्या व्याह्यांनी दाजींना फोन करून जे म्हटलं ते सांगतो: "अहो, घड्याळासाठी सोयरीक केली होती का आपण? तक्रार करा, मी साक्षीला येतो."