बेसमेंटच्या गळतीत २,१४,४०० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

आकडा आधीच सांगते, म्हणजे 'एवढ्यातेवढ्याला काय रडायचं' असं कुणी म्हणायला नको. १,२६,००० अ‍ॅडव्हान्स, ३८,४०० 'एक्स्ट्रा पॅकर'चे, ५०,००० काम झाल्यावर. एकूण २,१४,४००. आणि खरी दुरुस्ती आमच्या नेहमीच्या प्लंबरने केली ३,८०० मध्ये, पाइपासकट!!

सिंहगड रोडला आमचं रो हाउस, खाली बेसमेंट, तिथे माझे शिवणाचे क्लास. जुलैत मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशी मिळते तिथून पाणी यायला लागलं, लोणा लागला, पोपडे सुटले. ऐन पावसाळ्यात पाणी आलं तर ते पावसाचंच असं कुणालाही वाटेल, त्यावरून मला शहाणपणा शिकवू नका. ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला, तासाभरात माणूस हजर, हातात टूं-टूं करणारं मशीन, भिंतीला टेकवलं की लाल दिवा. (लोणा लागलेल्या भिंतीवर क्षारांमुळे ते तसंही ओरडतं. पाणी येतंय कुठून हे त्याला काय डोंबल कळणार.) मग नेहमीचं, जमिनीतल्या पाण्याचं प्रेशर, पायाला धोका, पीयू ग्राउटिंग, दहा वर्षांची वॉरंटी, एस्टिमेट २,१०,०००. पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी. नको म्हटलं. तुम्हीही नकोच म्हणता, खोटं बोलू नका.

पीयू ग्राउटिंग स्वतः काही थोतांड नाही. काँक्रीटच्या भेगेतून जमिनीतलं पाणी येत असेल तर भोकं पाडून पीयू (पॉलियुरेथेन) नावाचं केमिकल आत दाबतात, पाणी लागलं की ते फसफसून फुगतं आणि भेग बंद होते. आता पुढचं नीट वाचा, कारण हे आठवलं की अजून डोकं फिरतं. पोरांनी कोपऱ्यात खाली पहिलं भोक पाडलं आणि त्यातून पांढरा फेस आला. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, 'मॅडम, पीयूचा फेस आहे, रिअ‍ॅक्शन चालू झाली.' अहो पण पंप अजून टेम्पोतच होता! केमिकलच्या डब्याचं सील फोडलेलं नव्हतं! आणि त्या फेसाला लिंबाचा वास, आमच्याच कपड्यांच्या पावडरीचा, मी दोन फुटांवर उभी. वर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन चालू होतं. कामाच्या मावशी तर आधीपासून म्हणत होत्या, 'वहिनी, मशीन लावलं की खाली पाणी येतंय.' पण माणूस इतक्या ठामपणे 'रिअ‍ॅक्शन' म्हणतो तेव्हा आपण काय केमिस्ट्रीचे प्रोफेसर आहोत का?

त्याला मात्र तेव्हाच कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. कारण जाताना बजावून गेला, क्युरिंगसाठी चार दिवस ड्राय बाल्कनीत थेंबभर पाणी सांडू नका. बेसमेंटच्या क्युरिंगसाठी वरची बाल्कनी कशाला?! चार दिवसांनी भिंत अर्थातच कोरडी, त्याने फोटो काढले आणि बाकीचे ८४,००० मागितले. ह्यांनी ३४,००० अडवून धरले म्हणून तेवढे तरी वाचले. ते पॅकर म्हणजे भोकात ठोकायच्या नळ्या, एस्टिमेटच्या वर ९६ लागल्या म्हणे, ४०० ला एक. एस्टिमेटमध्ये 'पॅकर अ‍ॅज पर साइट' असं काही दिसलं तर तिथेच कागद परत द्या.

मशीन परत लावलं आणि पाणी हजर. प्लंबरने मागचं चेंबर उघडलं, ड्राय बाल्कनीचा पाइप चेंबरला मिळतो तो जॉइंटच निसटलेला. हे ओळखायला फारसा खर्च लागत नाही. नहाणीत लाल रंगाचं पाणी ओता आणि खाली बघा. सगळे नळ बंद करून वॉटर मीटर फिरतोय का बघा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, टाक्यांच्या पाण्याला वापरतात ती टेस्ट किट आणून गळतीच्या पाण्यात दोन थेंब टाका, पिवळं झालं तर संशय नळाच्या लाइनवर.

आता तक्रारीचं. चौकीत साहेब म्हणाले, काम तर केलंय ना, मग सिव्हिल मॅटर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर म्हणे ताई, तुम्ही वकील आहात का. सायबरवाल्यांना फोन केला तर पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हे आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला आणि मग मेसेज, तक्रार बंद, कंपनीशी संपर्क होत नाही. अहो, संपर्क होत नाही हीच तर तक्रार आहे!! बँकेने चौकीतून लेखी आणा म्हणून सांगितलं, चौकीने बँकेतून आणा. आमचा टॅक्स कशासाठी घेतात हो हे लोक?

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती मी करणारच आहे. पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो, आणि व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. त्यामुळे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी आधार कार्डाचा नाही, जीएसटी सर्टिफिकेटचा फोटो मागा, त्यावर धंद्याचा पत्ता असतो. निम्मे पैसे पुढचा पावसाळा जाईपर्यंत द्यायचे नाहीत, त्याला चालत नसेल तर त्याने जावं.

भिंतीतली भोकं बुजवायला गवंडी ९,००० मागतोय. क्लास सध्या वरच्या हॉलमध्ये चालू आहेत, आणि त्या ग्राउटिंगवाल्याची जाहिरात काल परत दिसली, नाव नवीन, फोटो आमच्याच भिंतीचा.