टेली-मानस १४४१६ : फोनला चांगले गुण, पुढच्या वाटेला काठावर पास

पलीकडे महाराष्ट्रात वेड्यांच्या इस्पितळासाठी जसं ठाणं-येरवड्याचं नाव घेतात, तसं सीमाभागात बेळगाव, खानापूर, निपाणीकडे धारवाडचं. ‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे’ म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही. १८४५ साली वेड्यांचं इस्पितळ म्हणून सुरू झालेली ती संस्था आज डिमहान्स, म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्था आहे. तिथे ओपीडी चालते, डॉक्टर शिकतात. टोमणा मात्र जुन्याच पाटीला चिकटलाय. म्हणून झोप उडालेली सून किंवा घराबाहेर न पडणारा मुलगा आधी देवऋष्याकडे नेला जातो, डॉक्टरकडे शेवटी. सोयरीक मोडेल ही धास्ती असतेच.

त्या धास्तीवर टेली-मानस ही १४४१६ या नंबरवरची मनाच्या आजारांसाठीची फोन-सेवा कामाला येते, कारण इथे कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि तिच्या २० भाषांत मराठी आहे. सीमाभागाला हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मनच लागत नाही’ हे परक्या भाषेत सांगताना ‘डोकं दुखतं’ एवढंच उरतं आणि हातात डोकेदुखीची गोळी पडते. सुरुवातीला भाषा विचारतात तिथे घाई करू नका.

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रेंज शोधून मगच फोन लावा. त्रास कधीपासून, रात्री झोप किती तास, जेवण कसं, दारू आहे का, बीपी-शुगरसकट चालू गोळ्या कोणत्या, हे आधी लिहून ठेवा. घरचं माणूसही बोलू शकतं. जीव द्यायचे विचार येतात का, असं थेट विचारलं तर दचकू नका. विचारल्यामुळे ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मन मोकळं होतं. पण कुणी विषारी औषध प्यालं असेल तर इथे एक मिनिटही घालवू नका, १०८ ला फोन करा.

आता काठावरची बाजू. समुपदेशक गोळी लिहून देत नाही. गरज पडली तर तज्ज्ञाशी जोडतात आणि प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे धाडतात. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसायची पद्धत आहे (निघण्याआधी आशाताईंकडून वार नक्की करून घ्या). सोय चांगली, पण ठरल्या वारी ठरल्या दारापुढे बसलेला माणूस अख्ख्या गावाला कळतो. फोनने झाकलेलं इथे उघडं पडतं. रांग आणि दार इतर ओपीडीसोबत ठेवलं तर एक पैसाही जास्त लागणार नाही.

उपचार मधेच सोडणाऱ्यांची खरी गळती त्याच्याही पुढे. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणजे आधी त्रास, मग आराम. नेमकी मधल्या दिवसांत शेजारची काकू म्हणते, ‘सवय लागंल गं, सोड ते.’ झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, पण तोच शिक्का सगळ्या गोळ्यांवर बसलाय. नैराश्याच्या गोळीचं व्यसन लागत नाही. ती एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, बेचैनी होते, आणि लोक त्यालाच सवय समजतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून डोस हळूहळू उतरवायचा असतो.

माहिती बाहेर जाईल या भीतीने फोन टाळत असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय. विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पंगतीत बसवायला सांगितलंय.

आणि हो, केसपेपर नि गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकून देऊ नका. पुढच्या फोनला समुपदेशक दुसरा असू शकतो, आणि ‘ती पांढरी बारकी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.